बिल्ला क्रमांक २१२

ही घटना माझ्या मोठ्या बहिणीसोबत, कुमुदिनीसोबत घडली. खोटं वाटेल, म्हणून तारखा तिच्या कामाच्या वहीतून पडताळून घेतल्या आहेत.

१२ जून १९९५. सोमवार, दुपारचे तीन. बेल्लमपल्लीजवळची एक कोळसा खाण. नाव मुद्दाम देत नाही.

खाणीत उतरताना मजूर दिवाघरात आपला पितळी बिल्ला देतो, तो फळीवरच्या खिळ्याला टांगतात, आणि टोपीचा दिवा घेतो. वर आला की दिवा जमा, बिल्ला परत. पाळी सुटल्यावर फळीच्या खिळ्यांवर बिल्ला उरला नाही, म्हणजे खाली कोणी नाही.

हे काम आता कॉम्प्युटर करणार होता. त्याआधी चाचणीसाठी एक वेगळं मशीन दिवाघरात मांडलं होतं. ते ताईकडे होतं.

दिवाघराचे प्रमुख आमचे सख्खे मामा, वामनराव.

आमचे वडील भगवंतराव याच खाणीत होते. १९७९ साली ते आम्हाला टाकून गेले. त्या दिवशी ते कामावर आलेच नाहीत, हे मामांनीच सांगितलं होतं. पुढं मामांनीच आम्हाला वाढवलं. आई वडिलांचं नावही घेत नसे.

ताईनं चाचणीसाठी पन्नास खोटी नावं भरली. बिल्ले १ ते ५०. खरा मजूर एकही नाही.

पन्नास उतरवले. पन्नास वर आणले.

पडद्यावर आलं... खाली : १.

तिनं सगळं पुसलं. पुन्हा भरलं.

खाली : १.

मग तिच्या लक्षात आलं... मशीनची घरघर थांबली होती. वीज गेली होती. छताचा पंखाही थांबला होता.

पडदा मात्र उजळलेलाच होता.

प्रिंटर आपोआप करकरला. पाळी सुटल्यावर जो खाली राहील, त्याची रोज एक ओळ छापायची, असं तिनंच ठरवून दिलं होतं.

पाच ओळी आल्या. पाचही बिल्ला २१२ च्या.

१४ नोव्हेंबर १९७९. मग १५. १६. १७. १८.

त्या मशीनला १९८० च्या आधीची तारीख घेताच येत नाही.

मामा चहा घेऊन आले. "काऊन व कुमुद, भूत पाह्यलं का?"

तिनं कागद पुढं केला. "मामा, दोनशे बारा कोणाचा हो?"

मामांनी कागद वाचला. कप खाली ठेवता ठेवता कलंडला.

"भाऊजीचा."

"बाबा तर कामावर आलेच नव्हते ना?"

मामांनी कागद उलटा ठेवला.

"चौदा तारखेले एक बिल्ला उरला होता. भाऊजी नेहमी बिल्ला विसरून घरी जात. मले वाटलं, तसंच असंल. काढून ठेवला. 'खाली कोणी नाही' असं लिहून देल्लं. त्याच संध्याकाळी खाणवाल्यायनं भाऊजी काम करत ती खालची गल्ली भिंत घालून बंद केली."

"मग दिवा? दिवा परत आला नाही, ते दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं... दुसऱ्या दिवशी." मामांनी हात जोडले. "नोकरी गेली असती, पोरी. जेलात गेलो असतो. आक्काले सांगू नको."

ताईनं मशीन बंद केलं नाही. कागद घेऊन ती सरळ घरी आली. मामा मागोमाग. मी घरीच होतो. पुढचं मी स्वतः पाहिलं आहे.

आईनं, राहीबाईनं, सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. कागदावरच्या ओळी बोटानं मोजल्या.

"भिंत चौदालेच घातली ना, वामन?"

"हो आक्का."

"मग हे बाकीचे चार दिवस कायचे? भिंतीमागं जिते होते ना ते?"



आई शांतपणे म्हणाली, "ते चारी दिवस तू माह्या घरी जेवाले होता. मी रडत होती अन् तू म्हणे, जाऊ दे आक्का, असे माणसं परत येत नाहीत."

मामा उठले. चप्पल न घालता गेले. आईनं त्यांना पुन्हा दारात उभं केलं नाही.

भिंत आजही बंद आहे. ती उघडण्याच्या आमच्या अर्जांना उत्तर आलं नाही. ते मशीन पुढं कुठं गेलं, तेही कळलं नाही.

कागद माझ्याजवळ आहे. १९ तारखेची ओळ का नाही, हे मला समजतं.

१८ च्या ओळीपर्यंत मात्र मी अजून नीट वाचू शकत नाही.