देणाऱ्याला कुणी विचारलं

आमच्या सिनेमांना हसायचं तर खुशाल हसा, मीही हसते. चार भाग झाले. जिना तोच, खोकणारं धुराचं यंत्र तेच आणि रबरी मुखवट्यातला आमचा ‘देणारा’ही तोच. अंधारातून येतो, म्हणतो, “बोल, काय हवं?” मागाल ते देतो आणि देता देता माणसाची वाट लावतो. बारीक व्हायचंय म्हणणारीचा सांगाडा होतो, एकटेपणा नको म्हणणाऱ्याकडे मेलेले राहायला येतात. प्रेक्षकांना सगळं पाठ असतं, तरी येतात. का, ते मला ठाऊक आहे. घरी, कामावर, कुणी कधी विचारतं का हो, तुला काय हवंय म्हणून? तो निदान विचारतो तरी.

मुखवट्यातला माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. आवाजही त्याचाच, मी तो रेकॉर्ड करते. चौथ्या भागाचं शूटिंग उरकलं आणि दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं. जखम भरली, डॉक्टर म्हणाले, आता बोला. पण दादाच्या तोंडून शब्द फुटेना. लेकीला रोज गोष्ट सांगून झोपवणारा बाप नुसती मान हलवायला लागला. वहिनी तर घरात कुजबुजूनच बोलायची. शेवटी निर्माता म्हणाला, आज जमलं तर ठीक, नाहीतर उद्या दुसरा माणूस आणतो.

आम्ही दोघंच दुपारी गेलो. डबिंगच्या खोलीला खिडकी नाही, दार लावलं की दुपार बाहेरच राहते. आत जुन्या गालिच्याचा कोंदट वास. पडद्यावर एकच तुकडा फिरत होता. देणारा वळतो, तोंड उघडतो, आवाज नाही. माईकसमोर दादा तोंड उघडतो, आवाज नाही. असं कितीदा झालं कोण जाणे. मग दादा माझ्या मागच्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं.

रडू लपवायला मी म्हटलं, आधी खोलीची शांतता घेऊन टाकू. आमच्यात ही पद्धतच आहे. संवादांच्या मधे भरायला रिकाम्या खोलीचा आवाज टिपून ठेवायचा. तेवढा वेळ कुणी हूं की चूं करायचं नाही. मी तरी कधी केलं नव्हतं.

रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावर तुकडा फिरतच होता. देणारा माझ्याकडे बघून ओठ हलवत होता. बोल, काय हवं... बोल, काय हवं... दादाचा आवाज दे, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण चार भाग मी उगाच नाही केले. आवाज देईल आणि दादाला नेईल. त्या कोरड्या, तडकलेल्या रबरी ओठांकडे बघता बघता मला एकदम त्याचीच कीव आली. चार भाग बिचारा दुसऱ्यांनाच विचारतोय. तोंडून निघून गेलं,

“आणि तुला... तुला काय हवंय रे?”

तुकडा फिरवणारं यंत्र चालू होतं, पण देणारा वळेना. तोंड मिटून तो माझ्याकडे बघत राहिला.

मागून आवाज आला, “पाणी...”

दादा होता. घोगरा, फाटका, पण दादाच. मी ग्लास दिला. घटाघटा प्यायला आणि रडत रडत म्हणाला, “तुझी शांतता बिघडवली की गं मी.” त्या संध्याकाळी त्यानं लेकीला गोष्ट सांगितली. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती, आणि मी वहिनीकडे बघत होते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती शांतता लावून ऐकली. आधी माझा प्रश्न. लगेच “पाणी”, दादाच्या जुन्या, खणखणीत आवाजात. मग काहीच नाही. आणि मग पुन्हा “पाणी”, घोगरं.

दादाला मी हे सांगितलेलं नाही. सिनेमा त्याच्याच आवाजात लागला, पाचवा भागही ठरलाय. खोली बंद करताना मी पडद्यासमोर भरलेला ग्लास ठेवते. सकाळी तो रिकामा असतो. उन्हाळा आहे, आटत असेल. पण तो जुना तुकडा मी अधूनमधून लावून बघते. मुखवट्याचे ओठ आता ओले दिसतात.