पाणी गेलं कुठे?

आम्ही चिखल आणायला निघालो होतो. ऐकणाऱ्याला हसू यायचं. तीन धडधाकट माणसं, पाठीवर दोर, तंबू, लोखंडी नळ्या, आणि एवढा डोंगर चढून आणणार काय, तर चिखल! माझ्या धाकट्या भावानं तर तोंडावरच विचारलं होतं, "ताई, चिखलच हवा तर माझ्या साइटवरून ने की. ट्रक भरून देतो." तो खाली शहराजवळ नदीवर पूल बांधत होता. खांबांचे पाये घालायचे म्हणून त्याची माणसं दिवसभर पात्राच्या कडेलाच राबायची.

पण आम्हाला हवा होता तो चिखल जुना होता. आजोबांच्या काळात या नदीनं भरदुपारी एक अख्खी वस्ती धुऊन नेली होती. नवल असं, की त्या वर्षीचा पाऊस काही विक्रमी नव्हता. त्याहून जास्त पावसाची वर्षं पुढे आली आणि गेली. नदी फुगली, ओसरली, माणसं वाचली. मग त्याच वर्षी असं काय झालं? मी हवामान कार्यालयात अंदाज वर्तवते आणि या प्रश्नानं माझं डोकं पार खाल्लं होतं. पूर आपल्यामागे मातीचे थर टाकून जातो, ते थर, नदी ज्या अरुंद खिंडीतून खाली उतरते तिच्या मागच्या सपाटीवर शाबूत असणार, असं मातीवाल्या बाईंचं म्हणणं. बाई भूगर्भशास्त्राच्या, माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, आणि चालायला लागल्या की आमची दमछाक व्हायची. तिसरा दोरवाला. डोंगरात माणसं सुखरूप चढवणं-उतरवणं हा त्याचा धंदा.

त्या जुन्या वर्षाचा नकाशा मला तोंडपाठ होता. समुद्राकडून कमी दाबाचा पट्टा आला. एरवी असे पट्टे झोडपतात आणि पुढे सरकतात. त्या वर्षी पुढे जास्त दाबाचा भाग आडवा ठाण मांडून बसलेला. पट्ट्याला वाट मिळेना. मग चार दिवसांचा पाहुणा महिनाभर मुक्काम ठोकतो तसा तो डोंगराला टेकून बसला आणि बरसत राहिला. त्याआधी कित्येक आठवडे नुसती भुरभुर होती. भुरभुरीला कुणी भीत नाही, पण डोंगर पाणी पिऊन तट्ट होतो तो तिच्यामुळेच.

यंदाचा नकाशाही थेट तसाच होता. फक्त आता पट्टा हलेल, उघडीप मिळेल, असा अंदाज आला म्हणून आम्ही निघालो. अंदाज माझाच.

"काय मॅडम, आज ऊन होतं ना?" नदीवर ताणलेल्या लोखंडी तारेला लटकून पलीकडे जाताना दोरवाल्यानं विचारलं. त्याच्या टोपीच्या कडेवरून पाण्याची धार लागली होती.  खाली नदी दगड लोटत गर्जत होती, त्यामुळे न ऐकल्याचं सोंग करणं सोपं गेलं.

सपाटीवर पोचल्यावर बाईंनी कुणाला बूडही टेकू दिलं नाही. नळी उभी केली, दोरवाल्यानं घण घातले, मी फिरवत राहिले. नळी आत गेली, अडली, पुन्हा गेली. तिघांनी मिळून ती उपसली आणि बाईंनी ती ताडपत्रीखाली उघडली. वर साधी माती होती, मग खडी, आणि तिच्याखाली लोण्यासारखा मऊ राखाडी गाळ. त्यात झाडांची पानं आडवी, सपाट, जणू कुणी वहीत जपून ठेवावीत तशी.

बाई खाली वाकल्या. बोट गाळात घालून त्यांनी ते अंगठ्यावर चोळलं.

"वाहत्या पाण्यात असा गाळ बसत नाही," त्या म्हणाल्या. "हा तळ्याचा गाळ आहे."

"इथे तळं कधी होतं?"

"थराच्या खोलीवरून बघितलं तर त्याच वर्षी. अगं, डोंगर घसरला असणार. खाली खिंड बुजली, नदी अडली, इथपर्यंत पाणी तुंबलं. आणि मग तो बांध फुटला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या पावसानं वस्ती नेली नाही. तुंबलेल्या पाण्यानं नेली."

मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं शोधलेलं उत्तर हातात होतं. तेवढ्यात दोरवाला घण खाली ठेवून उभा राहिला.

"बाई, नदीचा आवाज का येत नाहीये?"

आम्ही कान दिला. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. बाकी काही नाही. धावत कड्याशी गेलो. नदी नव्हतीच! खाली तपकिरी पाणी पसरलं होतं, सपाट, मुकं. ओंडके जागच्या जागी हळूहळू फिरत होते. आम्ही आलो ती तार कुठे दिसेना. पाणी बघता बघता एक खडक चढलं, मग त्याच्या वरचं झुडूप.

बाईंच्या हातातला गाळ अजून ओला होता.

"खिंड पुन्हा बुजली," त्या पुटपुटल्या.

मला भाऊच दिसला. खिंडीखाली आता पात्र कोरडं पडत असणार. पुराच्या दिवसांत आयतं कोरडं पात्र! पाया घालायला टपून बसलेला माणूस ही संधी सोडेल? मी वायरलेस काढला. नुसती खरखर. त्या खोलगटातून आवाज बाहेर जाणंच शक्य नव्हतं. खिंडीवरचा डोंगराचा खांदा गाठला तरच.

"नळ्या?" दोरवाल्यानं विचारलं.

"मसणात गेल्या नळ्या," बाई म्हणाल्या आणि चढायला लागल्या.

ती चढण आजही माझ्या अंगावर काटा आणते. वाट राहिलीच नव्हती. डोंगराची एक अख्खी बाजू सोलल्यासारखी उघडी पडली होती आणि आम्हाला तिच्यावरूनच आडवं जायचं होतं. दोरवाला आधी गेला, पलीकडच्या झाडाला दोर बांधला. मग बाई. मग मी. अर्ध्यावर पायाखालची माती सरकली. मी आडवी पडले. माती मला घेऊन निघाली! दोर कमरेत रुतला. तोंडात चिखल गेला. वरून दगड आला आणि कानाजवळून गेला. "हात सोडू नका, फक्त हात सोडू नका," दोरवाला शांतपणे सांगत होता, आणि दोघं मला ओढत होती. मी वर आले तेव्हा एका पायात बूट नव्हता.

"त्या वर्षीही लोकांना पात्र कोरडं दिसलं असेल," बाई धापा टाकत म्हणाल्या. "काय केलं असेल त्यांनी?"

मला त्याचा विचार करायचा नव्हता.

खांद्यावरून खिंड दिसली. डोंगर तिच्यात येऊन पडला होता. त्या ढिगाऱ्यावर काही झाडं अजून सरळ उभी होती, आपण कुठून कुठे आलो याचा त्यांना पत्ताच नसल्यासारखी. एका बाजूला काठोकाठ तळं होतं, दुसऱ्या बाजूला ओले, उघडे दगड. ढिगाऱ्याच्या पायथ्यातून पाणी झिरपत होतं, गढूळ.

"गढूळ म्हणजे आतली माती निघतेय," बाई म्हणाल्या. "बोल लवकर."

भाऊ पहिल्याच हाकेला मिळाला. आवाजात नुसता उत्साह होता.

"ताई! नदी उतरली. दैवच उघडलं बघ. सगळी माणसं खाली उतरवलीत, संध्याकाळपर्यंत पाया भरून घेतो."

"सगळ्यांना वर काढ. आत्ता. वर डोंगर पडलाय, नदी अडलीय."

"काहीतरीच काय. तुमच्याच ऑफिसचा निरोप आलाय, पातळी घटली, धोका टळला."

मी हादरलेच. आमच्याच ऑफिसचा! पुलाजवळच्या मापकावर पाणी उतरताना दिसलं आणि आमच्या लोकांनी नेहमीच्या रिवाजानं धोका टळल्याचं कळवून टाकलं. मी खुर्चीत असते तर मीही तेच केलं असतं. आता त्या निरोपाविरुद्ध मी ओरडून काय उपयोग होता? मी आवाज खाली आणला.

"तिथे पाऊस पडतोय?"

"पडतोय की. धो धो."

"मग पाणी गेलं कुठे?"

 पलीकडे वायरलेस दगडावर पडल्याचा आवाज आला, आणि लांबून भावाचा आवाज, मी कधी ऐकला नव्हता इतका मोठा. मग भोंगा. तो वाजतच राहिला.

आम्ही तिथेच उभे होतो तेव्हा ढिगाऱ्याच्या मधोमध एक झाड वाकलं. मग त्याच्या शेजारचं. एक घळ पडली, घळीतून पाणी आलं, आणि पुढच्या क्षणी ढिगारा होता तिथे काही नव्हतं! पायाखालचा खडक थरथरला. पाण्याची ती भिंत काळी होती, तिच्यात घराएवढे दगड उड्या मारत होते. वळणाआड ती गेली आणि वायरलेसवर भोंग्याचा आवाज अजून येतच होता. मग तो थांबला.

बाईंनी माझा हात घट्ट धरला. खरखर. नुसती खरखर. दोरवाला खाली मान घालून उगाच दोर गुंडाळत राहिला, सोडत राहिला.

"ताई."

"बोल रे. बोल."

"आमची सगळी माणसं वर आहेत. पूल गेला."

 जाऊ दे मेला पूल, असं काहीतरी मी म्हणाले असेन. मी हसत होते की रडत होते कोण जाणे. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"शहरातले लोकपण पात्रात उतरले होते गं. डबक्यांत मासे तडफडत होते, हातानं उचलावेत इतके. बायापोरं, सगळीच. मी ओरडत धावलो. बरेच वर आले."

"बरेच?"

"उतरताना सगळ्यांनी वरच्या रस्त्याच्या कडेला चपला काढून ठेवल्या होत्या. चिखलात खराब कशाला करायच्या म्हणून. आता एकेक जण येतोय आणि आपापल्या घालून जातोय. मी इथेच उभा आहे."

बराच वेळ त्याच्या मागचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. 

"आता कुणी येत नाहीये, ताई."

"आणि चपला?"

"आहेत अजून."