पत्रा गळणारं शेड

चुना मारून वाळायला सोडलेल्या त्या लांबलचक पोल्ट्री शेडमध्ये एस्तेर शिरली ती कुणी ऐकू नये म्हणून. नवापूरच्या बाहेर, टेकडीच्या अंगाला, सकाळची थंडी अजून गोणपाटाच्या पडद्यांवर बसलेली. तिने पाठ ताठ केली, पोटापर्यंत श्वास घेतला आणि आवाज सोडला... वर, आणखी वर — आणि तिथेच तो फाटला. गेले कित्येक दिवस जिथे फाटत होता, अगदी तिथेच.

तेवढ्यात एक जण धावत आला. केसांत भाताचा तूस, पायांत एकच चप्पल.

"बाई, ओरडू नका हो," तो धापा टाकत म्हणाला. "पलीकडच्या शेडमध्ये कालची पिल्लं आहेत. घाबरली की सगळी एका कोपऱ्यात धावतात. खालची चेंगरून मरतात."

"मी ओरडत नव्हते. गात होते."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग... जास्तच माफ करा."

ती त्याच्यामागे धावली. बल्बच्या उबेखाली पिवळा ढीग झाला होता. दोघं गुडघ्यांवर बसून ओंजळी-ओंजळीने पिल्लं सोडवू लागले. एक गार पडलेलं पिल्लू त्याने पटकन मुठीत लपवलं, तिला दिसू नये म्हणून. तिला ते दिसलंच. घाबऱ्याघुबऱ्या ती घरच्या मावची बोलीत पिल्लांना चुचकारू लागली, तेव्हा तो चमकला. शहरातली पाहुणी म्हणून इतका वेळ जपून मराठी बोलत होता बिचारा.

त्याचं नाव जोएल. शेड त्याचं. तुसावर बसूनच एस्तेरने त्याला सगळं सांगितलं. मिशनच्या वसतिगृहात सुरुवात, मग पुण्यात पाश्चात्य शास्त्रीय गायनाचं रीतसर शिक्षण. आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांतला सगळ्यात उंच. पण त्यावर पोट भरेना. म्हणून मुंबईत परदेशी संगीतनाटकांच्या कोरसमध्ये उभी राहिली, हॉटेलात काट्या-चमच्यांच्या खणखणाटावरून गायली, साबणाच्या जाहिरातीत फक्त एक ‘आ’ दिला, कार्टूनमधल्या मांजरीसाठी रडली...

"मांजरीचं तेवढं इथे सांगू नका," जोएल हळूच म्हणाला. "पिल्लं ऐकतायत."

ती खूप दिवसांनी हसली. मग उरलेलंही बोलून टाकलं. प्रवासी जहाजावर रोज गाऊन गाऊन घसा बसला, तो बसलाच. जर्मनीतल्या एका नाट्यगृहाने रेकॉर्डिंग मागितलंय, आणि वरचा सूर येत नाही. घरी अजून कुणाला माहीत नाही.

जोएलने मान हलवली. पिल्लांना पहिल्या दिवसापासून बारीक आवाजाची सवय लावली की ती कशालाच भीत नाहीत, तो सांगू लागला. त्यासाठी शेडमध्ये रेडिओ लावतात. मग तिनेच रोज याच वेळी यावं. आज नुसतं गुणगुणावं, उद्या थोडं वर. डॉक्टरांनीही अगदी हेच सांगितलं होतं, फक्त पिल्लांशिवाय.

ती येऊ लागली. ती रिकाम्या शेडमध्ये, तो दोन शेडांच्या मधल्या वाटेवर. पिल्लं शांत असली की तो हात वर करी, बिचकली की खाली. मुंबईत वादकांसमोर उभा राहून असे हात हलवणारा माणूस काळा कोट घालतो, असं ती सहज बोलून गेली. दुसऱ्या दिवशी स्वारी काळं जॅकेट घालून हजर. उन्हं तापली तरी काढेना. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पिवळी लव गळून पांढरी पिसं आली. एस्तेरचा आवाजही रोज बोटभर वर चढत गेला.

मग वाढलेल्या कोंबड्या विक्रीला न्यायला गाडी आली. दुसऱ्या दिवशी आपल्या नेहमीच्या रिकाम्या शेडमध्ये ती मोकळ्या गळ्याने गायली. तो सूर आला — अख्खा, न थरथरता. जोएल मोबाईल धरून उभा होता. गाणं संपलं, तरी त्याने मान वर केली नाही.

आठवड्यात जर्मनीहून उत्तर आलं. वर्षाचा करार. फेब्रुवारीअखेर निघायचं.

ती सांगायला धावत आली, तर त्याच रिकाम्या शेडच्या दारात जोएलची आई रमीबाई चुन्याची बादली घेऊन बसलेली. पोराच्या नावाने तिचं चाललंच होतं. महिना उलटून गेला, हे शेड धुऊन तयार आहे, आणि हा पिल्लं भरू देत नाही. विचारलं तर म्हणे, पत्रा गळतो.

एस्तेरने वर पाहिलं. पत्रा कोरा करकरीत होता.

जोएल मागून आला, तशी रमीबाई बादली उचलून दुसरीकडे गेली.

"पत्रा गळतो म्हणे," एस्तेर म्हणाली.

"गळतो... अधूनमधून."

"जानेवारीत?"

तो चप्पल घासत राहिला. मग म्हणाला, "आलं ना बोलावणं? तोंडावर दिसतंय तुझ्या."

"आवाज बरा झाला की मी जाणार, माहीत होतं तुला. तरी रोज हात वर करायचास."

"मग काय, खाली करायचा?"

"एकदा थांब तरी म्हण ना, जोएल."

"नाही म्हणणार. तो सूर पूर्ण लागला तेव्हा मी इथेच होतो. आता थांब कुठल्या तोंडाने म्हणू?" मग आढ्याकडे बघत, जणू हिशेब करत, म्हणाला, "तू जायच्या आधी रविवार किती येतात?"

तिने बोटांवर मोजलं. "चार. का?"

"मला तीन पुरतील."

एस्तेरला क्षणभर कळेना. मग तिचे कान तापले. त्यांच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं पुकारतात... कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून.

"आणि करार?" तिने विचारलं. "वर्षभर?"

"नवरा इथे कोंबड्या राखेल, बायको तिकडे गाईल. त्यात कुणाचं काय अडलं?"

"कुणी हरकत घेतली तर?"

"घेणाऱ्या होत्या खऱ्या," जोएल गंभीरपणे म्हणाला. "पण त्या गेल्या आठवड्यातच गाडीत बसून गेल्या."

एस्तेर हसली — मोकळी, उंच, पत्र्यावर जाऊन आपटेल अशी — आणि त्याच्या केसांतला तूस काढायला पहिल्यांदाच हात पुढे केला.