दोनशे बारा झाकणं

जवाहर नगरातल्या त्या बंगल्याच्या फाटकातून मयूरी पिवळ्या रंगाचा डबा नि ब्रश घेऊन आत शिरली, तर समोर एक उंच तरुण पाइपानं स्कूटर धूत होता. धूत कसला, न्हाऊ घालत होता!

"भैया, पानी बंद कीजिए," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "दिसतो शिकलेला, पण अक्कल…"

"अक्कल वर ठेवून आलोय, इथं भिजली असती." या हिंदी मुलखात चक्क मराठी! "मी निनाद. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. बाबा विमा कंपनीत, बदलीनं आलो. तुम्ही?"

ओशाळणं मयूरीच्या स्वभावात नव्हतं. "मयूरी. वडील रेल्वेत. आधी नळ!"

त्यानं मुकाट्यानं बंद केला. मुलगा ऐकणारा आहे, हे तिनं मनात टिपून ठेवलं.

मयूरी नुकती बी.एस्सी. झालेली, एका संस्थेत तीन महिने बिनपगारी इंटर्न. छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारे खड्डे मोजायचे, झाकणावर आकडा रंगवायचा. शेवटी एक प्रमाणपत्र. त्याशिवाय पुण्याला एम.एस्सी.चा अर्ज चालत नव्हता.

"फुकट राबून राहिली तू, पोरी," तिचे वडील दशरथराव रोज म्हणत.

"शाश्वत विकास आहे, बाबा!" ती ऐटीत सांगे. शब्द तोंडपाठ होता. अर्थ अजून कुणी विचारला नव्हता.

तिनं वाकून झाकणावर २१२ रंगवलं.

"उघडून नाही बघायचं?" निनादनं विचारलं.

"आमच्या मॅडम म्हणतात, झाकण दिसलं की खड्डा धरायचा."

"मतलब… फोटो बघून लग्न?"

"तुमच्या लग्नाची चौकशी कुणी केलीय?"

हसत त्यानं पहार आणली. झाकण सरकलं. खाली वीतभर माती, तिच्याखाली सरळ फरशी. खड्डा नव्हताच! घराचा नकाशा मंजूर व्हावा म्हणून घरमालकानं नुसतं झाकण बसवलेलं.

मयूरीचे कान लाल झाले. "आणि आधीची दोनशे अकरा?"

"आज रविवार आहे. मी मोकळा—"

"मग बघताय काय? स्कूटर काढा!"

चार रविवार दोघं झाकणं उचलत फिरली. सोडाला भागातल्या एका गल्लीत बायका टँकरची वाट बघत रांगेत उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "बेटी, वहाँ इतने गड्ढे हैं, फिर हमारा हैंडपंप क्यों सूखा है?" ऐटीतला तो शब्द त्यानंतर मयूरीनं घरी उच्चारला नाही.

तिसऱ्या रविवारी पहारीनं निनादच्या तळव्याला फोड आला. तिनं रुमाल बांधला.

"दुखतंय?"

"आत्ता दुखायला लागलं… तू हात सोडल्यावर."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनीही विचारलं नाही.

दोनशे बारांत खरे खड्डे निघाले एकोणचाळीस. तो कागद पाहून संस्थेच्या विभा मॅडमनी एसी आणखी थंड केला. "तुला झाकणं मोजायला पाठवलं होतं. बाहेरचे पाहुणे येतायत, अहवाल छापून झालाय. दोनशे बारांवर सही कर आणि प्रमाणपत्र घेऊन जा."

"जमीन सही बघून पाणी पीत नाही, मॅडम."

पेन टेबलावर ठेवून ती निघाली.

संध्याकाळी राजा पार्क भागातल्या हॉटेलात चहा समोर ठेवून तिनं संस्थेचा पाऊण तास उद्धार केला.

"म्हणजे पुणं…" निनाद म्हणाला.

"यंदा गेलं. आता खोट्या झाकणांची एकशे त्र्याहत्तर दारं वाजवणार. एकेकाला खणायला लावीन!"

तो कपाशी चाळा करत राहिला. "एक सांगू? चिडशील."

"चिडलेलीच आहे."

"सही केली नाहीस म्हणालीस ना… तेव्हा मला बरं वाटलं. तू जाणार नाहीस म्हणून. मग लाज वाटली. पण आधी बरंच वाटलं. मला तू… आवडतेस, मयूरी." त्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

"माझं वर्ष बुडालं, आणि तुला बरं वाटलं? शोभतं का हे? स्वार्थी! आप्पलपोटा! वर तोंड करून सांगतोस!"

तिची सरबत्ती बराच वेळ चालली. शेजारची माणसं वळून वळून बघू लागली. हात मात्र तिनं एकदाही सोडवून घेतला नाही.