हातच्याची वजाबाकी

"दोन्ही आईच मिटवते. नाहीतर रात्र होत नाही."

एकोणीस वर्षांपूर्वी तराजूबाईंच्या कानावर हा आवाज पडला, आणि मग तो कानातच राहिला. पायात रुतलेली काच वर कातडी धरली की दिसत नाही, चालताना मात्र कळते; तसा.

तराजूबाई हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. मुलांच्या मानसिक चाचण्या घेणाऱ्या त्या केंद्रात सगळे त्यांना पाठीमागे तसं म्हणत. तिसऱ्या मजल्यावरची खोली, हिरवं टेबल, एक मोठी खुर्ची, एक लहान खुर्ची, लाकडी ठोकळ्यांची पेटी आणि दाबलं की टकटक चालणारं घड्याळ. समोरचं मूल रडो की लाडात येवो, बाईंचा काटा हलायचा नाही. शिपाईकाका म्हणायचे, "बाई, तुमच्यासमोर मी बसलो तर माझं नावसुद्धा चुकेल." बाई हसायच्या नाहीत. चाचणी घेणाऱ्यानं हसायचं नसतं.

उत्तर बरोबर की चूक, हेही सांगायचं नसतं. काहीही उत्तर आलं तरी एकच बोलायचं: "ठीक. पुढचं." ओळीनं तीन शून्यं पडली की तो भाग तिथंच थांबवायचा आणि गोड आवाजात म्हणायचं, "छान केलंस हं. पुरे आता." मुलं खूश होऊन बाहेर पळायची. आईबापांना सांगायची, मी छान केलं. आईबापही खूश व्हायचे, निकाल हातात पडेपर्यंत.

निकाल सत्तरच्या खाली गेला की मुलाला टेकडीवरच्या निवासी शाळेत धाडत. तिथं पुढं त्यांचं काय होतं, हे कोणी विचारत नसे. खाली परतलेलं मूल कोणी पाहिलं नव्हतं, आणि तेही कोणी बोलत नसे.

तो आवाज इस्त्रीवालीच्या मुलाचा. कोपरावर ठिगळ लावलेला सदरा घालून तो लहान खुर्चीत बसला होता आणि अंगठ्यानं टेबलाची कड घासत होता. बाईंनी विचारलं होतं, "दिवा आणि डोळा. दोघांत सारखं काय?" पुस्तिकेत उत्तर होतं: उजेड, दिसणं. त्यानं जरा विचार केला, नाकानं श्वास ओढला आणि ते आईचं उत्तर दिलं. शून्य. "नदी आणि रस्ता?" "दोन्ही मला सोडून पुढं जातात." शून्य.

एकूण आले अडुसष्ट.

त्याची आई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायची. हातांना गरम कापडाचा वास, मनगटावर इस्त्रीचा डाग. दारातूनच म्हणायची, "बाई, पुन्हा एकदा बघता का हो त्याला? घरी फार शहाण्यासारखा वागायचा." बाई म्हणायच्या, "दोन वर्षं पुन्हा घेता येत नाही. नियम आहे." ती मान हलवायची, पदरानं खुर्ची पुसल्यासारखं करायची आणि जायची. पुढच्या महिन्यात पुन्हा दारात. दुसऱ्या हिवाळ्यानंतर ती यायची थांबली.

या सगळ्याला एकोणीस वर्षं झाली. आणि दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंची लेक त्याच लहान खुर्चीत बसली. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, चुरूचुरू बोलणारी. ठोकळे तिनं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लावले. मग बाईंनी दिवा आणि डोळा विचारलं.

पोरीची जीभ थांबली. अंगठा टेबलाच्या कडेवर गेला. नाकानं श्वास ओढून ती म्हणाली, "दोन्ही आईच मिटवते. नाहीतर रात्र होत नाही."

योगायोग, बाईंनी स्वतःला बजावलं. पोरं कुठून काय उचलतील, नेम नसतो. पण नदी आली, रस्ता आला, आणि पुढची एकूण एक उत्तरं त्याच शब्दांत आली. त्या संध्याकाळी बाईंनी टेबलाचा खालचा खण उघडून पिवळा पडलेला कागद काढला आणि शेजारी नवा ठेवला. शून्यासमोर शून्य. बेरीज अडुसष्ट.

तीन आठवड्यांनी एक चौदा वर्षांचा आडदांड मुलगा आला. आवाज फुटलेला, खुर्ची लहान म्हणून कुरकुर चाललेली. "मला काय बालवाडीत बसवलंय का?" दिव्याच्या प्रश्नाला मात्र त्याच्या रुंद गळ्यातून बारीक, स्वच्छ आवाज निघाला. बेरीज अडुसष्ट.

बाईंनी दोघांचे निकाल नियमानं लिहिले. दोघं टेकडीवर गेली. डॉक्टरीणबाई याच टेबलावर डोकं टेकून रडल्या. "अहो, काल संध्याकाळी तिनं मला अख्खी गोष्ट रचून सांगितली. ती अशी कशी असेल?" बाईंनी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि दोन वर्षांचा नियम सांगितला. दुसरं काही सांगायचं तर खालचा खण उघडावा लागला असता.

आणि आज, सकाळी अकराला, सुताराची मुलगी.

नऊ वर्षांची, आई नसलेली. आई गेल्यापासून वर्गात बोलत नव्हती, म्हणून मुख्याध्यापिकेनं धाडलेली. सुतार दारात उभा होता, बाहीला भुसा. "बाई, ही माझ्याशी बोलते. रंधा मारताना शेजारी बसून सगळं सांगते. एवढी एकच आहे मला. तिला वर पाठवू नका."

"चाचणीच ठरवेल," बाई म्हणाल्या. दार लागलं.

मुलीनं ठोकळे हातात घेतले, एकदा वास घेतला, आणि बाईंनी घड्याळ दाबायच्या आत नक्षी लावून टाकली. "देवदार नाहीये हा," ती म्हणाली. "रंगवलाय नुसता." वर्गात न बोलणारी मुलगी. बाईंच्या ओठाचा एक कोपरा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, जरा हलला.

मग शब्दांचं पान आलं. बाईंनी ते लगेच उघडलं नाही. बाहेर सुताराच्या येरझारा ऐकू येत होत्या. हा प्रश्न गाळता आला असता. पण प्रश्न गाळला की चाचणी रद्द होते, आणि रद्द का झाली ते लिहून द्यावं लागतं.

"दिवा आणि डोळा," बाईंनी विचारलं. "दोघांत सारखं काय?"

अंगठा टेबलाच्या कडेवर गेला. घासू लागला. नाकानं श्वास.

"दोन्ही आईच मिटवते," मुलगी त्या आवाजात म्हणाली. "नाहीतर रात्र होत नाही."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. शून्य लिहिलं नाही.

मुलीनं ती पेन्सिल उचलली. बाईंचा कागद आपल्याकडे फिरवला, कोऱ्या बाजूनं. घड्याळ दाबलं. टकटक सुरू झाली.

मग ती बाईंकडे बघत राहिली. मूल उत्तर देत नसलं की बाई बघत, तसं. चेहऱ्यावर काही न आणता.

"तुझं वय," बाई म्हणाल्या. "वय काढताना महिन्यांसाठी हातचा घेतला. वर्षातून तो खोडायचा राहिला. तू सहा वर्षं अकरा महिन्यांचा होतास. मी तुला सात वर्षं अकरा महिन्यांच्या मुलांशी तोललं. नाहीतर तुझे सत्तरच्या वर गेले असते, तू इथंच आईजवळ राहिला असतास."

मुलीनं कागदावर गोल काढला.

"ठीक. पुढचं."

"तीन आठवड्यांनी माझ्या ते लक्षात आलं. निकाल बदलता आला असता. माझी बढती होती त्या महिन्यात. मी कागद खालच्या खणात घातला."

गोल.

"ठीक. पुढचं."

"तुझी आई यायची. दोन वर्षांचा नियम चाचणीला होता, बेरजेच्या चुकीला नव्हता. मी तिला सांगितलं नाही. अठरा सोमवार."

गोल.

मुलीनं तीन गोलांकडे पाहिलं. पेन्सिल खाली ठेवली. घड्याळ थांबवलं.

"छान केलंस हं," ती गोड आवाजात म्हणाली. "पुरे आता."

"थांब." बाई अर्धवट उठल्या. "अजून एक आहे. मला विचार."

"दोन वर्षं पुन्हा घेता येत नाही."

ती लहान खुर्चीवरून उतरली, फ्रॉकवरचा न दिसणारा भुसा झटकला आणि दार उघडून गेली. बाहेर सुताराचा आवाज आला. "झालं का गं? कसं झालं?"

"त्यांचं झालं, बाबा," मुलगी म्हणाली. आवाज पुन्हा तिचा होता. "माझं राहिलं."

"म्हणजे?"

"घरी चला ना."

जिन्यावरून पावलं उतरत गेली, दोन मोठी, दोन लहान.

बाईंनी कागद आपल्याकडे फिरवला. तीन शून्यांच्या वर, बाईंच्या नजरेस न पडता, चौकट आखून वयाची वजाबाकी मांडली होती. आजची तारीख, खाली बाईंची जन्मतारीख. महिन्यांसाठी हातचा घेतला होता, आणि वर्षाच्या आकड्यावर त्याची बारीक काट मारलेली होती. त्रेपन्न वर्षं, दोन महिने, अकरा दिवस. बाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. एका दिवसाचीही चूक नव्हती.

त्यांनी खालचा खण उघडला. पिवळ्या कागदाला टाचलेलं टेकडीवरचं पत्र तसंच होतं, तीन ओळींचं. तापाचं निमित्त होऊन मुलगा गेला, फाइल बंद करावी.

समोर रिकामी लहान खुर्ची होती. तिच्याच उंचीला येतील इतक्या बाई वाकल्या.

"हे पत्र आलं ना," त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा मला हायसं वाटलं होतं, बाळा."