चिकाच्या दुधाची भुकटी

नव्या नोकरीचा पहिला दिवस, त्यात वाट चुकलेली. डेअरीच्या मागल्या दारानं जमनी आत शिरली आणि समोरच्या लोखंडी कोठीतून एक पांढराफटक माणूस बाहेर आला. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, मिशासुद्धा पांढऱ्या!

"माय वं!" ती किंचाळलीच.

"भूत नाही, पूनमसिंग राठोड," पापण्या झटकत तो म्हणाला. "मशीनवाला. अन् तुम्ही?"

"जमनी पवार. दूध तपासायले लागली आजपासून..."

त्याच्या मिशीवरून भुकटी गळली आणि जमनीला हसू आवरेना. झालं! तिथंच पूनमसिंगचं लक्ष कामातून उडालं.

सन एकोणीसशे चौसष्ट. पुसदच्या त्या लहानशा डेअरीत म्हशीच्या दुधापासून तान्ह्या लेकरांना पचेल अशी भुकटी करायचा प्रयोग चालला होता. आटवलेलं दूध कोठीत वरून फवारायचं, गरम हवेत खाली येईस्तोवर ते सुकायचं. आच किती, फवारा किती, हे जमवायचं काम पूनमसिंगचं. जमनीनं सकाळी बंजारा तांड्यांवरून आलेलं दूध तपासायचं. पण पूनमसिंगला टेबलापाशी यायला रोज काही ना काही निमित्त सापडायचं.

"आज दूध कसं आहे?"

"दाट."

"अन् तपासणारी?"

"तिले कामं हायेत," असं म्हणून ती दुधाचा दाटपणा मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचा तोच आकडा पुन्हा वाचायची.

श्रावणात मात्र भुकटी रुसली. कोमट पाण्यात विरघळेचना, वर नुसते कण तरंगायचे. पावसाळी हवेचा ओलावा बाधत असेल म्हणून पूनमसिंगनं आच वाढवली, तर करपट वास. कमी केली, तर भुकटी भिंतींना चिकटली. आठ दिवसांत त्याचं तोंड एवढंसं झालं.

"परवा नागपूरचे साहेब येऊन राह्यले," तो म्हणाला. "नाही जमलं तर मशीन बंद. अन् मी..."

"तुम्ही काय?"

"मी परत नागपूरले."

जमनीनं लॅक्टोमीटर उचलला, पण आकडा वाचायचा राहूनच गेला.

त्या संध्याकाळी तांड्यावर तिची आई रुक्माबाई नुकत्याच व्यालेल्या म्हशीची धार काढत होती. श्रावण लागला तशा तांड्यावर म्हशी व्यायला लागल्या होत्या; चरवीत पिवळसर, घट्ट चीक.

"याडी, खरवस कर ना वं."

"पाच दिवसाचा चीक मशीनच्या देवाले! तांड्यानं ठरवलं हाय," आई म्हणाली. "ज्याची म्हैस व्याली, त्यानं डेअरीच्या कॅनमंदी ओतायचा. त्या देवानं तुले नोकरी देल्ली, पहिला मान त्याचाच."

जमनीनं चरवीत बोट बुडवून बघितलं. चीक तापला की थिजतो, हे खरवस खाणाऱ्या लेकरालाही कळतं; मग भुकटी विरघळणार कशी? आणि आपण? घट्ट चिकानं चढलेला आकडा दिसला की खुशाल 'उत्तम' लिहीत होतो! सांगावं तर नोकरी जाईल, तांड्याचं दूधही नाकारतील. न सांगावं तर... तो जाईल.

सकाळी ती त्याच्यापुढं उभी राहिली. "राठोडसाहेब, चूक माही हाय," म्हणत तिनं सगळं सांगून टाकलं.

 तो असा हसला, असा हसला, की भिंतीला टेकावं लागलं. "मी आठ दिवस हवेशी भांडून राह्यलो, अन् तिकडे माह्या मशीनची पूजा चालू!"

जमनी त्याच दिवशी घरोघर फिरली. "देवाले दूधच आवडते, चीक घरी ठेवा," तिनं बायांना पटवलं. दुसऱ्या दिवशीचं दूध जुन्याच आचेवर फवारलं. साहेबांनी पेल्यात भुकटी टाकून चमचा फिरवला. एक कण वर येईना!

"दोष कोणी शोधला?" साहेबांनी विचारलं.

"यांनी," पूनमसिंगनं जमनीकडे बोट दाखवलं. प्रयोग चालू ठेवा, असं सांगून साहेब जीपनं निघून गेले.

"जमनी..." आज पहिल्यांदा त्यानं नुसतं नाव घेतलं. "इतवारी तुह्या घरी येऊ?"

"कायले?"

"तुले मागायले."

तिचे डोळे भरून आले, आणि ती हसतही होती. "या. पण नक्की या," ती म्हणाली. "तुम्ही चालले जासान म्हणून दोन दिस घास उतरला नाही माह्या गळ्याखाली."