गोधडीला घातलेले टाके

"मागं व्हा. हात लावायचा न्हाई."

सारिकाने दटावलं तसा तो तरुण दोन पावलं मागे सरला. लोणावळ्यातल्या एका बंगल्यात कलाप्रदर्शन भरलं होतं आणि नवलाख उंबरे गावची सारिका तिथे राखणीला होती. मधल्या दालनात एक जुनी गोधडी टांगली होती, मधोमध हातभर फाटलेली.

"मीच टांगलीय ती," तो हळूच म्हणाला. "मी संदेश."

"मग तर तुमाला ठावंच असंल, हात लावायचा न्हाई ते."

तो हसला. मग रोज काहीतरी निमित्त काढून येऊ लागला... आणि तिची नजर सारखी दाराकडे जाऊ लागली.

"फाटकी गोधडी ही कला कशी हो?" तिने एकदा विचारलं.

"आईची आहे. ती गेल्यावर फाटली. शिवायचा धीर झाला नाही — म्हणून टांगली."

तिला चैन पडेना. गुरुवारी दालनात कुणी नव्हतं. खिडकीतून धुकं आत येत होतं, फाटक्या कडेचे दोरे लोंबत होते. पिशवीत सुईदोरा होता. हात कधी चालू लागला, तिचं तिला कळलं नाही. अर्धं शिवलं आणि बाहेर गाडी वाजली. दोरा तोडून ती दाराशी जाऊन उभी राहिली.

व्यवस्थापक निलेश सरांनी टाके पाहिले आणि झाडणाऱ्या चिमाबाईंना धरलं. पोलिसांत देतो म्हणाले. चिमाबाई रडू लागल्या. तेवढ्यात संदेश आत आला.

सारिकाने त्याच्याकडे पाहिलं. नोकरी जाईल... आणि हाही.

"मी शिवली," ती म्हणाली. "मावशींचा काय संबंध न्हाई."

संदेश टाक्यांवरून बोट फिरवत राहिला.

"माझी तक्रार नाही," तो निलेश सरांना म्हणाला. ते आणि चिमाबाई गेले.

"उसवून देते..."

"नको. राग आलाय मला. मला जमलं नाही ते तुम्ही केलंत, त्याचा."

"मग आता ही कला ऱ्हायली का?"

"माहीत नाही. माझ्या एकट्याची नाही राहिली, एवढं खरं. अर्धीच का शिवलीत?"

"गाडी वाजली. भ्या वाटलं."

"पोलिसांचं?"

"न्हाई... तुमी यायचं बंद कराल, त्याचं."

"मी तुमच्यासाठीच येतो, सारिका. गोधडी नुसतं निमित्त होतं."

मग उरलेलं शिवायला त्याने सुई मागून घेतली. दोरा काही केल्या ओवला जाईना. तिने अलगद त्याचं मनगट धरलं.